आंबवण राहिलं

सुनावणी सकाळचीच होती, म्हणून अडेलियाने वडिलांची दाढी न्याहारीआधी उरकली. कॅप्टन ऑरिन टेड्रो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसले होते. वस्तरा गळ्यावरून वर सरकत असताना त्यांनी विचारलं, "आज कोणाचं प्रकरण आहे?"

"आहे एकाचं. हलू नका, बाबा."

"वेडाचं?"

"हो."

"मग पेटिबोनला म्हणावं, पंच जरा बघून निवड. मागच्या खेपेला त्याने एक ठार बहिरा आणून बसवला होता. सगळं झाल्यावर तो विचारतोय, गाय कोणाची चोरीला गेली म्हणून."

अडेलियाला हसू आलं. असं हसू आलं की दिवसभर पुरेल असा धीर यायचा. ज्या माणसाला ही गोष्ट आठवते, नीट रंगवून सांगता येते, त्याला वेडा ठरवणार कोण? पण त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली होती, आणि आजचं प्रकरण त्यांचं स्वतःचं होतं. पेटिबोन आता कारकून नव्हता. लॉकरिज परगण्याच्या न्यायाधीशाच्या खुर्चीत, म्हणजे वडिलांच्याच खुर्चीत, आता तो बसत होता.

मागचं दार उघडून दोघे भाऊ आत आले. वॉरनच्या कोटाला अजून धुराचा वास होता. घरची लाकडाची वखार जळून आठवडा उलटला तरी गावालाच तो वास होता. वाळत घातलेल्या चादरींना, दुधाला, चर्चमधल्या भजनाच्या पुस्तकांना.

"दाढी कशाला केलीस?" वॉरन म्हणाला. "जरा अवतारात नेलं असतं तर सगळ्यांचं काम सोपं झालं असतं."

"तुझं झालं असतं."

"माझं काय त्यात? जळायचं ते जळून गेलं."

धाकटा रॉयल कॉफीचं भांडं शोधू लागला. तो कालच कॅन्सस सिटीहून आला होता. काल संध्याकाळी ओसरीवर त्याने अडेलियाचा हात धरून सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस, मी तुझ्या बाजूने उभा राहीन. आज तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. तिला वाटलं, झोप झाली नसेल.

कॅप्टननी पाव आणि डुकराचं खारं मांस नीट कापून खायला सुरुवात केली. वॉरन त्यांच्यासमोरच, जणू ते तिथे नाहीतच, असा बोलू लागला.

"हे बघ अडेलिया, दोनच वाटा आहेत. शहाणे ठरले तर वखारीतल्या नील्सच्या मृत्यूचा खटला उभा राहणार. पासष्टीच्या माणसाला तुरुंग. वेडे ठरले तर इस्पितळ. तिथे निदान गादी असते."

"तिसरी वाट आहे. पेटिबोननेच मला सांगितलं. वयाने मन थकलंय, पण घरी सांभाळता येईल, असं पंचांना वाटलं आणि घरातल्या दोन मोठ्या माणसांनी हमी दिली, तर ते इथेच राहतील. एक मी. दुसरा रॉयल."

"रॉयल?" वॉरनने धाकट्याकडे बघितलं. "लेका, तुला आईचं थडगं कुठल्या रांगेत आहे ते तरी माहीत आहे का?"

"सकाळी सकाळी सुरू करू नकोस," रॉयल म्हणाला.

"आणि इस्पितळात गादी असते हे मला सांगू नकोस, वॉरन," अडेलिया म्हणाली. "मी बघितलंय ते इस्पितळ. तू कधी आला नाहीस आईला भेटायला."

कॅप्टननी बशी पुढे सरकवली. "मांस खारट आहे," ते म्हणाले. "पण शायलोच्या लढाईत मिळालं होतं त्यापेक्षा बरं."

आग लागली त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी ते मोठ्याने बोलत नव्हतं. दर ऑगस्टमध्ये यादवी युद्धातले जुने सैनिक जत्रेच्या मैदानावर तंबू ठोकायचे, आणि शेवटच्या दिवशी खोटी लढाई करायचे. बंदुकीची दारू खरी, गोळी नाही. बंडखोरांची, म्हणजे दक्षिणेची, बाजू घ्यायला कोणीच तयार नसायचं, म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या; ज्याचं नाव निघेल त्याला बायका वर्षभर चिडवायच्या. कॅप्टन टेड्रोंना ही लढाई फार आवडायची. वखार चालवत असतानाही आवडायची, न्यायाधीश झाल्यावरही. अडेलियाने यंदाही त्यांना सावलीत खुर्ची दिली, हातात सरबत दिलं, आणि ती फळं भरून भाजलेले 'पाय' विकायच्या टेबलाशी गेली. पीचचे आणि सफरचंदाचे. लोक रांगेत होते.

लढाईत बंडखोर जरा जास्तच जोरात आले. गोठ्याच्या बाजूने आरडाओरडा करत आले, तोफ उडाली, लहान मुलं आनंदाने किंचाळली. कॅप्टन उठून चालत गावात गेले. मिसिसिपीत एकदा ते रसदीच्या कोठारावर होते, शत्रू चालून आला होता, आणि हुकूम होता की कोठार त्याच्या हाती लागू द्यायचं नाही. तेव्हा त्यांनी पिठाची पोती आणि मांसाची पिंपं स्वतःच्या हाताने पेटवली होती. त्यासाठी त्यांना बढती मिळाली होती. त्या दुपारी त्यांनी आपल्या वखारीत रॉकेलचं पिंप उलटं केलं आणि काडी ओढली. पाइन, ओक, अक्रोड, वीस वर्षांचा साठा. नील्स ओकरब्लूम, वखारीतला स्वीडिश गडी, लढाई बघायला न जाता मागे थांबला होता. तो घोडी सोडवायला आत गेला. घोडी बाहेर आली.

न्यायालय बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना कॅप्टननी सवयीने टोपी काढली. वर दाराशी नील्सची बायको क्रिस्टिना काळ्या रुमालात उभी होती. अडेलिया तिच्यापाशी थांबली.

"क्रिस्टिना, तुम्हाला काय वाटतं ते पंचांना सांगा. आम्ही कोणी राग मानणार नाही."

"काय सांगू?" क्रिस्टिना म्हणाली. "लोक विचारतात, म्हातारा तुरुंगात हवा की इस्पितळात हवा. मला म्हातारा कुठेच नको. मला नील्स हवाय." मग ती बाजूला झाली, कॅप्टनना वाट मिळावी म्हणून. कॅप्टननी तिला वाकून नमस्कार केला. "नील्सला सांगा, अक्रोडाच्या फळ्या उलटून ठेवायच्या राहिल्यात," ते म्हणाले.

खोलीत बाकं भरली होती. सहा पंच भिंतीशी बसले होते. त्यात डॉक्टर व्हीलॉक, कायद्याने एक डॉक्टर लागायचाच. बाकीचे पाच जण कॅप्टनकडून कधी ना कधी खिळे नाहीतर शवपेट्या घेऊन गेलेले. कॅप्टन सरळ न्यायाधीशाच्या खुर्चीकडे निघाले. अडेलियाने हळूच त्यांचा दंड धरून त्यांना कठड्याअलीकडच्या खुर्चीत बसवलं. पेटिबोनने खाली बघितलं.

पेटिबोन हा घाबरट पण सरळ माणूस होता. त्याने आधीच अडेलियाला सांगितलं होतं की प्रश्न जुनाच विचारणार. सगळ्या परगण्यात त्याला कॅप्टनचा प्रश्न म्हणत. आज तारीख काय, राष्ट्राध्यक्ष कोण, असलं कॅप्टन टेड्रोंनी कधी विचारलं नव्हतं. ते म्हणायचे, मलाच कधी कधी तारीख आठवत नाही. समोर आणलेल्या माणसाला ते त्याच्या कामाबद्दल विचारायचे. शेतकऱ्याला विचारायचे, विळ्याला धार कशी लावतोस? चांभाराला, तळवा कसा शिवतोस? ज्याला आपलं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येतं, तो घरी जायचा. ज्याला येत नाही त्याच्या कागदावर सही व्हायची. हा प्रश्न विचारताना त्यांनी आप्त बघितला नाही की परका. बारा वर्षांपूर्वी याच कठड्याशी त्यांची स्वतःची बायको हेस्टर उभी होती.

अडेलिया तेव्हा सतरा वर्षांची, दुसऱ्या बाकावर. सगळ्यात धाकटा भाऊ अर्ल घटसर्पाने गेल्यावर आई रोज स्मशानात जाऊन हातांनी माती उकरायची. लोक बोलू लागले. वडिलांना दुसऱ्या परगण्याचा न्यायाधीश बोलावता आला असता. त्यांनी बोलावला नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले. आणि बायकोला विचारलं, मिसेस टेड्रो, तुम्ही पाव कसा करता? आईने सांगितलं. पीठ चाळते, मीठ घालते, कोमट दूध घालते, मळते, झाकून ठेवते. वाट बघते. फुगत नाही. एवढं बोलून आई थांबली होती. आंबवणाचं नावच तिने घेतलं नव्हतं. वडिलांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि सही केली. तीन वर्षांनी आई तिकडेच तापाने गेली. त्याविषयी घरात नंतर कधीही बोलणं झालं नाही. अडेलियाने एकदा विचारायचं ठरवलं होतं, मग दुसऱ्यांदा ठरवलं, आणि मग वडील विसरायला लागले.

"कॅप्टन टेड्रो," पेटिबोन म्हणाला, "अक्रोडाचं लाकूड तुम्ही कसं सुकवता?"

कॅप्टननी त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न एखाद्या पोराने विचारावा.

"घाई न करता," ते म्हणाले. बाकांवर खसखस पिकली. "झाड हिवाळ्यात पाडायचं, रस खाली असतो तेव्हा. फळ्या पाडल्या की टोकांना रंग फासायचा, नाहीतर टोकं आधी सुकतात आणि चिरतात. मग थर लावायचे. दोन थरांमध्ये काड्या, सगळ्या एका रेषेत, खालच्या काडीवर वरची काडी. रेष चुकली की फळी बाक धरते, आणि बाक धरलेली फळी तुम्ही मला परत आणून देता, मिस्टर डोबिन्स." पंचांमधला डोबिन्स लाजला. "वरून वजन. उत्तरेकडून वारा लागू द्यायचा, दक्षिणेकडून ऊन नाही. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. ज्याला तेवढा धीर नाही त्याने पाइन घ्यावा."

खोलीत कोणीतरी टाळी वाजवायच्या बेतात होतं. डॉक्टर व्हीलॉकनी मान डोलावली. अडेलियाने श्वास सोडला.

"सांभाळायचं म्हटलं तर हमी कोण देणार?" पेटिबोनने विचारलं. "मिस्टर रॉयल टेड्रो?"

रॉयल उभा राहिला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझी इच्छा आहे, साहेब. पण आमच्या घरात दोनच खोल्या, बायकोचे दिवस भरत आलेत. नोकरीवरून इतके महिने... मी काल बोललो खरा. पण मला हमी देता येणार नाही."

"येताना रेल्वेत ठरवलंस की आत्ता?" अडेलिया त्याला म्हणाली. तो खाली बसला.

पेटिबोनने कागद उचलला आणि परत ठेवला. मागून बाक सरकल्याचा आवाज आला. वॉरन उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"दुसरी हमी माझी," तो म्हणाला.

"वॉरन, तू तर सकाळी..." अडेलिया म्हणाली.

"सकाळचं सकाळी. माझं नाव लिहा." मग वडिलांकडे न बघता तो म्हणाला, "काड्या एका रेषेत लावायला त्यांनीच शिकवलं मला. सात वर्षांचा होतो. चुकलं की पुन्हा सगळा थर उतरवायला लावायचे. दिवसा मी, रात्री ही. दोघं मिळून बघू."

पंच एकमेकांकडे वाकले. डोबिन्स मान डोलावत होता. झालं, अडेलियाला वाटलं. घरी जाऊ. कुलपं बदलू, काड्यापेट्या उंचावर ठेवू, पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांना गावाबाहेर घेऊन जाऊ.

"एवढं विचारायचं राहिलं," पेटिबोन म्हणाला. "मिस टेड्रो, जरा पुढे या. तुम्ही ही जबाबदारी खुशीने घेताय ना?"

ती कठड्याशी येऊन उभी राहिली. अंगात आईचाच करडा पोशाख होता, उसवून तिच्या मापाचा केलेला. तिच्याकडे दुसरा चांगला नव्हता. हात कठड्यावर ठेवले. कॅप्टन तिच्याकडे बघत होते. त्यांची पाठ अजून ताठ झाली, आणि आवाज आला तो गेली दोन वर्षं कोणी न ऐकलेला, न्यायाधीशाच्या खुर्चीतला आवाज.

"मिसेस टेड्रो," ते म्हणाले, "तुम्ही पाव कसा करता?"

पेटिबोन अर्धवट उठला. वॉरनने हळूच म्हटलं, "अडेलिया."

काय करायचं ते तिला ठाऊक होतं. असं दिवसातून चार वेळा व्हायचं. बाबा, मी अडेलिया, एवढं म्हणायचं, हातावर हात ठेवायचा. ते डोळे मिचकावायचे आणि परत यायचे. पंच हसले असते. म्हातारा माणूस लेकीला बायको समजतो, यात वेड कसलं? डोबिन्सची आई त्याला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायची.

पण आईला तिकडे का पाठवलंत, हा प्रश्न बारा वर्षं तिच्या छातीत होता. ज्याला विचारायचा होता तो माणूस दर दिवशी थोडा थोडा निघून चालला होता, आणि आत्ता, या क्षणी, तो पूर्ण इथे होता. उद्या असेलच असं नाही.

"पीठ चाळते," ती म्हणाली. "मीठ घालते. कोमट दूध घालते. मळते. झाकून ठेवते. वाट बघते." तिचा आवाज तिलाच आईसारखा ऐकू आला. "फुगत नाही."

वॉरनने डोळे मिटून घेतले. त्यालाही आठवलं होतं.

कॅप्टनचा हात कठड्यावर लेखणी शोधत फिरला. मिळाली नाही.

"आंबवण राहिलं," ते म्हणाले. "फुगेल कसं? आंबवण राहिलं त्यांचं, एवढंच." ते पंचांकडे वळले. "मूल गेलंय हो त्यांचं. मूल गेलं की बाईचं आंबवण राहतं. मीठ राहतं, चुलीवरचं दूध उतू जातं. हे वेड नाही. यासाठी कोणी कोणाला इस्पितळात पाठवतं का? पेटिबोन, लिही. घरी सोडा. नवरा म्हणून मी सूट दिली असं लोक म्हणतील. म्हणू देत."

अडेलियाच्या बोटांनी कठडा घट्ट धरला. बाकांवर कोणीतरी स्त्री रडू लागली. ती क्रिस्टिना होती की दुसरी कोणी, तिने वळून बघितलं नाही.

डॉक्टर व्हीलॉक उठून खुर्चीजवळ आले. ते वाईट माणूस नव्हते. "कॅप्टन," त्यांनी हळू विचारलं, "वर्ष कुठलं चाललंय ते मी विचारत नाही. फक्त वखारीचं सांगा. ती कोणी पेटवली?"

"मी. माझा हुकूम होता."

"आत माणूस होता."

"साठा शत्रूच्या हाती जाऊ द्यायचा नसतो, डॉक्टर. ते अजून गोठ्याच्या मागे आहेत. ऐकू येत नाही तुम्हाला?" कॅप्टननी कान दिला. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचं चाक दगडावर आपटलं. "पुन्हा आले तर पुन्हा पेटवीन. घर असलं तरी पेटवीन."

डोबिन्सची मान डोलायची थांबली. डॉक्टरांनी अडेलियाकडे बघितलं, मग वॉरनकडे, आणि जागेवर जाऊन बसले. पंचांना बाहेर जावंसुद्धा लागलं नाही.

पेटिबोन इस्पितळाच्या कागदावर सही करताना रडत होता. शेरीफ जिन्याशी येऊन उभा राहिला. दुपारची आगगाडी होती. कपडे नंतर पाठवले तरी चालतील, तो म्हणाला.

वॉरन तिच्याजवळ आला. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"मी अडेलिया, एवढं म्हणायचं होतं फक्त."

"हो."

"मी हमी दिली होती. माझं नाव लिहिलं होतं त्याने."

"हो, वॉरन. मला ऐकायचं होतं."

"आता ऐकलंस ना?" तो म्हणाला. "मग आता काय करशील त्याचं?"

रॉयल जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून गाड्यांचं वेळापत्रक बघत होता. त्याची परतीची गाडी वडिलांच्याच गाडीच्या मागे होती.

कॅप्टननी टोपी घातली आणि तिला हात देऊ केला, जसा नवरा देतो. ती त्या हाताला धरून जिना उतरली. खाली उन्हात शेरीफची घोडागाडी डाव्या हाताला, स्टेशनाकडे तोंड करून उभी होती. घराचा रस्ता उजवीकडे होता.

"रडू नकोस, हेस्टर," कॅप्टन म्हणाले. "झालं ना सगळं. चल, घरी."

आणि ते उजवीकडे वळले. अडेलियाने त्यांचा हात सोडला नाही. त्यांच्याबरोबर तिनेही तिकडे पाऊल टाकलं, एक, आणि दुसरं, आणि मग शेरीफने मागून येऊन त्यांचा कोपर धरला.